चंद्रोदयाआधीचा फोन

मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून विनयाताई सोलायला बसल्या होत्या. अर्धे झाले होते, अर्धे परातीत तसेच फुगून पडले होते. एरवी या कामात त्यांचा हात बघत राहावं असा चालायचा. चिमटीत दाणा धरला, किंचित दाबला, की साल इकडे आणि बिरडं तिकडे. तीस वर्षं बायकांची बाळंतपणं केलेले हात, त्यांना वालाचा दाणा काय जड! पण आज दर दोन-चार दाण्यांमागे एक मोडत होता. लक्ष परातीत नव्हतंच. खाली गोखिवऱ्याच्या रस्त्यावर एक माणूस टेंपो मागे घेत होता, त्याच्याकडे त्या उगाचच बघत होत्या.

"त्या वालांनी तुझं काय बिघडवलंय?" रमेशराव पेपराआडून म्हणाले.

"काय?"

"नाही, तुकडे पडतायत म्हणून विचारलं. बिरडं करायचंय की पिठलं?"

"मग या ना सोलायला. बँकेतून रिटायर झालात, आता हात कशाला ठेवलेत?"

"पेपर धरायला," रमेशराव म्हणाले आणि पान उलटलं.

एरवी विनयाताई हसल्या असत्या. आज त्यांनी पदराला हात पुसले, उठून फ्रिजवरचा फोन बघितला, परत ठेवला आणि परत येऊन बसल्या. वाल कुणी दिले होते ते आठवलं की हातातला दाणा तसाच राहायचा. काल कामणहून भागूबाई स्वतः आल्या होत्या. भात काढल्यावर त्याच शेतात टाकलेले वाल, भिजवून, मोड काढून फडक्यात बांधून आणलेले. दारातच पायांवर डोकं ठेवायला वाकल्या. विनयाताईंनी दोन्ही हातांनी धरून वर उठवलं, तर म्हणाल्या, "तुमी व्हतात म्हनून माजी रोशनी वाचली डाक्टरीनबाय. पानी पन न पिता धावलात तुमी."

पाणी न पिता. विनयाताई त्या शब्दांनी रात्रभर कूस बदलत राहिल्या होत्या.

विनयाताई म्हणजे डॉक्टर विनया पेडणेकर. माहेर राजापूरकडचं. लग्न होऊन वसईत आल्या तेव्हा स्टेशनच्या पूर्वेला गवत आणि मिठागरं जास्त, इमारती कमी. बायकांच्या डॉक्टर म्हणून त्यांनी इथे सुरुवात केली, आणि आज त्यांच्या हातून जन्मलेल्या पोरी स्वतःच्या बाळंतपणाला त्यांच्याकडे येतात. सासूबाई असेपर्यंत म्हणायच्या, या मुलीच्या पायाला भिंगरी लावून पाठवलीय देवाने. ते खरंच होतं. बसून चहा प्यायलेल्या विनयाताई फार थोड्यांनी पाहिल्या असतील.

गेली काही वर्षं त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी होती. या भागात जे तरुण डॉक्टर बाळंतपणाच्या शास्त्रात तज्ज्ञ व्हायला येतात, त्यांच्या तीन वर्षांच्या शिक्षणाच्या त्या प्रमुख. कुणाला कुठल्या रुग्णालयात पाठवायचं, कुणाला कुठली शस्त्रक्रिया जमली, कुणाला एकट्याने सोडता येईल आणि कुणाच्या मागे अजून उभं राहायला हवं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. वसईतलं मोठं रुग्णालय, विरारचं एक, आणि भिवंडीच्या रस्त्यावर कामणजवळचं छोटंसं. पोरं या तिन्हींत आळीपाळीने फिरायची, आणि त्यांच्यामागे मॅडम. खुर्ची मिळाली पण बसायला मिळालं नाही, असं पोरंच म्हणायची.

नव्या बॅचला पहिल्या दिवशी त्या एकच गोष्ट सांगायच्या. "फुकटचा फोन केलात तरी मी रागावणार नाही. उशिरा केलात तर मात्र माझ्यासमोर उभं राहू नका." बाळंतपणात बाई आत्ता हसत असते आणि पुढच्या घटकेला हातातून निसटते. अशा वेळी मदत मागायला लाजणारा डॉक्टर त्यांना अडाण्यापेक्षा धोक्याचा वाटायचा.

तशाच त्या देवाच्या बाबतीत. अथर्वशीर्ष म्हटल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही, आणि संकष्टीचा उपवास तर शिकत होत्या तेव्हापासूनचा. चंद्र बघून अर्घ्य द्यायचं, मगच घास. इमारतीतल्या भजनी मंडळात त्या एक गोष्ट नेहमी सांगायच्या, आणि बायका दरवेळी नव्याने हात जोडायच्या. "वर्षाचे सगळे दिवस माझा फोन वाजतो गं. पण संकष्टीच्या संध्याकाळी नाही. दोन वर्षं झाली, एकदाही नाही. चंद्र उगवेपर्यंत तीन रुग्णालयांतल्या सगळ्या बायका बाप्पा स्वतः सांभाळतो." वसईच्या प्रसूतिकक्षात भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीच्या चंद्रोदयाला लाल पेनाने गोल केलेला असायचा. आजकालच्या पोरांनाही देवाचं काही वाटतं, हे बघून त्यांना भरून यायचं.

गेल्या संकष्टीला मात्र बाप्पाने पाठ फिरवली.

रोशनी भागूबाईंची मुलगी. सासर नायगावचं. पहिलं बाळंतपण म्हणून आठव्यात माहेरी आलेली. संध्याकाळी कामणच्या रुग्णालयात तिला मुलगी झाली, छान रडली, भागूबाईंनी पेढ्यांना माणूस पाठवला. आणि मग रक्त थांबेना. तिथे ड्यूटीवर ऋतिका होती, शेवटच्या वर्षाची, परीक्षेला दोन-तीन महिने राहिलेली. तिने पोट चोळलं, इंजेक्शनं दिली, आत फुगा भरून दाब दिला, सगळं पुस्तकात सांगितल्यासारखं. थांबल्यासारखं व्हायचं आणि परत सुरू व्हायचं. रक्ताच्या पिशव्या वसईहून यायच्या, आणि मॅडमनी एक फोन फिरवला की त्या लगेच निघायच्या. ऋतिकाने मॅडमना फोन केला, पण फार उशिरा. विनयाताई तेव्हा नुकत्याच अर्घ्य देऊन गच्चीवरून उतरल्या होत्या. शेजारच्या मुलांच्या हातावर मोदक ठेवत होत्या. स्वतःच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. तशाच धावल्या. रोशनी वाचली. पण तिची गर्भपिशवी काढावी लागली, विनयाताईंनी स्वतःच्या हातांनी काढली. बाविशीतली पोर.

आधी फोन आला असता तर पिशवी वाचली असती का? कदाचित. या 'कदाचित'ने विनयाताईंची झोप घेतली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋतिकाला समोर उभं केलं. "फोन का नाही केलास?"

"चुकलं, मॅडम."

"चुकलं ते मला दिसतंय. का चुकलं ते विचारतेय."

ऋतिका खाली बघत राहिली. रडली नाही, सबब सांगितली नाही. विनयाताईंना तो माज वाटला. हुशार पोर, हात सुरेख, म्हणून एकटीने निभावून दाखवायची खाज आली असेल. तिला त्यांनी कामणहून वसईला परत बोलावलं आणि ओपीडीत बसवलं. आता सोमवारी समितीची बैठक होती. ऋतिकाला परीक्षेला बसू द्यायचं, की सहा महिने थांबवून परत शिकवायचं, हे मॅडमच्या शब्दावर ठरणार होतं. विनयाताईंनी मनाशी ठरवलं होतं, थांबवायचं. ठरवलं तर होतं, मग असं चुळबुळत का बसलोय हे त्यांना कळेना. ऋतिकाचे वडील विरारला रिक्षा चालवतात, सहा महिने म्हणजे त्या घराला काय, हेही डोक्यात येत होतं. पण रोशनीच्या पोटावरचे टाके त्याहून जास्त येत होते.

"मी निघते," त्या उठल्या. "आज पोरांचा सराव आहे."

"आणि वाल?"

"आल्यावर."

"तोवर त्यांना वास मारेल!"

पण दार लागलं होतं.

सरावाची विनयाताईंची पद्धत घरगुती होती. बीट किसून, उकळून त्याचं पाणी स्टीलच्या डब्यातून न्यायचं, जुन्या सुती साड्यांचे तुकडे त्यात भिजवायचे आणि पोरांपुढे टाकायचे. सांगा, किती रक्त गेलं? पोरं कायम कमी सांगायची. मग तो तुकडा पिळून दाखवायचा. "कपडा खोटं बोलतो," त्या म्हणायच्या. "दिसतं थोडं, असतं फार."

त्या शनिवारी सगळे जमले होते. पुढे सिद्धेश, ऋतिकाच्याच वर्षाचा. मागच्या बाजूला निधी, नुकतीच रुजू झालेली, प्रत्येक शब्द टिपून घेणारी. दाराशी पॉलिन, प्रसूतिकक्षाची जुनी सिस्टर, निर्मळ गावची. ऋतिका नव्हती, ती ओपीडीत. तिचं नाव कुणी काढत नव्हतं, पण सगळे तिच्याबद्दलच गप्प होते.

विनयाताईंनी शेवटचा तुकडा पिळला. "आता सांगा, पहिलं काम कुठलं?"

"मदत मागणं," पोरांनी एका सुरात म्हटलं.

"कधी?"

"लगेच!"

निधीने हात वर केला. "मॅडम, एक विचारू? मंगळवारी अंगारकी आहे ना. तर तेव्हा पण तोच नियम, की अंगारकीला वेगळा असतो?"

"कोणता नियम?"

"तो… चंद्रोदयाचा."

सिद्धेशने छताकडे बघितलं. मग घाईने म्हणाला, "निधी, चल, कपडे उचल. पॉलिन सिस्टर, बादली कुठेय?"

"सिद्धेश, बस खाली," विनयाताई म्हणाल्या. "निधी, बोल बाळा. कोणता नियम?"

निधीच्या लक्षात आलं होतं की आपलं काहीतरी चुकलं, पण आता मागे फिरता येत नव्हतं. "मला पहिल्या दिवशीच सगळ्यांनी सांगितलं, मॅडम. की संकष्टीला चंद्रोदयाच्या आधी तुम्हाला फोन नाही करायचा. काही झालं तर आपसात बघायचं. म्हणून तो लाल गोल…"

विनयाताईंचे हात बिटाच्या पाण्याने कोपरापर्यंत लाल झाले होते. ते तसेच समोर धरून त्या उभ्या राहिल्या.

"हे कुणी ठरवलं?"

सिद्धेशच बोलला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "आमच्या आधी जितेशसर होते ना, त्यांच्यापासून आहे. त्यांनी एकदा संकष्टीला तुम्हाला फोन केला होता, रजेचं काहीतरी विचारायला. तुम्ही आरतीत होतात. तुम्ही म्हणालात, 'चंद्र उगवेपर्यंत तरी मला सोडा रे!' ते खूप घाबरले. मग त्यांनीच पुढच्यांना सांगितलं. पुढच्यांनी आम्हाला."

"मी रजेबद्दल बोलले असेन! बाई अडली तर फोन करू नका असं म्हणाले होते?"

"नाही, मॅडम. पण आम्हाला वाटलं… तुम्ही रोज आमच्यासाठी धावता. महिन्यातली एक संध्याकाळ तुमच्या देवाला. कुणी वाईट बुद्धीने नाही केलं. आम्ही सांभाळून घ्यायचो एकमेकांना. कामणला अडलं की मला फोन, मला अडलं की विरारला."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी इथे सिझेरियनला हात धुऊन उभा होतो. फोन बाहेर टेबलावर. नंतर बघितलं तर ऋतिकाचेच सगळे कॉल." त्याने मान खाली घातली. "ते मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. तीच म्हणाली, नको सांगू."

विनयाताई पॉलिनकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"गोल तर मीच करायची, मॅडम," पॉलिन म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "मला वाटलं, तुमचंच सांगणं असेल. चर्चमध्ये फादर मिसा सांगत असतात तेव्हा त्यांना कोण फोन करतंय? तसंच समजली मी. जेझूची शप्पथ, मला वाईट काही वाटलं नाही त्यात."

वाईट काही नव्हतंच त्यात. हेच तर विनयाताईंच्या अंगावर येत होतं. चिडायला माणूस सापडत नव्हता. दोन वर्षं ज्या शांततेसाठी त्यांनी हात जोडले, भजनात चारचौघींना सांगितलं, ती शांतता बाप्पाने दिलेली नव्हती. या पोरांनी ओठ आवळून धरलेली होती. त्या संध्याकाळींना काय काय निभावलं असेल यांनी, कसं, कुणाच्या जिवावर? आणि आपण गच्चीवर तबक घेऊन ढगांत चंद्र शोधत होतो.

"मंगळवारी," त्या म्हणाल्या, "चंद्रोदयाच्या आधी प्रत्येकाने मला फोन करायचा. काही नसलं तरी. काही नाही हे सांगायला करायचा."

कुणी हसलं नाही. त्या हात न धुताच बाहेर पडल्या.

ऋतिका ओपीडीमागच्या व्हरांड्यालगतच्या जांभाच्या झाडाखाली उभी होती. दुपारचा वडापाव कागदात तसाच, एक घास खाल्लेला. मॅडमचे लाल हात बघून ती दचकली. "काय झालं? कोण आलंय?"

"बीट आहे," विनयाताई म्हणाल्या. "का नाही सांगितलंस मला?"

ऋतिकाला कळलं. तिने वडापाव कागदात नीट गुंडाळला. "काय सांगणार होते मॅडम? तुमचा उपवास होता म्हणून बाईची पिशवी गेली, असं?"

विनयाताईंनी लाल हात पदराला पुसले.

"आणि ते खरं पण नाहीये," ऋतिका पुढे म्हणाली. "नियम कोणी का बनवेना, हात माझे होते. मला दिसत होतं, ती पांढरी पडत चालली होती. मी फोन घेतला पण होता हातात. मग परत वाटायचं, आता थांबेल, आत्ता थांबेल. तेवढ्यात चंद्र येईल."

"घड्याळ बघत होतीस?"

"चंद्रच बघत होते, मॅडम. कामणच्या लेबर रूमला तिकडे खिडकी आहे ना, डोंगराच्या बाजूला. मला वाटलं, तुम्ही पण बघताय तोच. डोंगराच्या वर येईना तो. मग खाली वाहणारं बघितलं आणि म्हटलं, गेला चंद्र खड्ड्यात. तेव्हा केला."

व्हरांड्यात बाक नव्हता, विनयाताई पायरीवर बसल्या. आपल्या इमारतीच्या गच्चीवरून चंद्र कधीच दिसला होता. अर्घ्य देऊन झालं होतं, मोदक वाटणं चाललं होतं. आणि ही पोर तिकडे रक्तात हात घालून, डोंगराआडून आपला देव वर यायची वाट बघत होती.

"सोमवारी मी तुला थांबवणार होते," त्या म्हणाल्या.

"थांबवा. मी उशीर केला. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं, उशिरा केलात तर समोर उभं राहू नका. तरी मी राहिलीये उभी."

"गप गं," विनयाताई म्हणाल्या. रागाने नाही. "वडापाव खा आधी. गार झालाय."

घरी आल्या तर परात रिकामी. रमेशरावांनी उरलेले वाल सोलून ठेवले होते. निम्म्यांचे मोड तुटले होते, पण सोलले होते. विनयाताईंनी चप्पलही न काढता विचारलं, "तुम्हाला जितेश आठवतो? संकष्टीला फोन केला होता त्याने?"

"आठवतो ना. मी तबक धरून उभा, कापूर विझायला आलेला, आणि तू त्या पोराची सालं काढत होतीस. ह्या वालांपेक्षा बरी."

"मला कसं नाही आठवलं?"

"तुला पित्त झालं होतं. उपाशी असलीस की तू कुणाला काय बोलतेस ते तुला कळत नाही. मला विचार."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रमेशरावांनी पेपर मांडीवर ठेवून ऐकलं. विनयाताई देवघरापुढे जाऊन बसल्या, उठल्या, गॅस पुसला, परत बसल्या. "सोडून देते संकष्टी," त्या म्हणाल्या. "माझ्या उपवासाने कुणाच्या लेकीचं असं होणार असेल तर नको मला."

"सोड हवं तर," रमेशराव म्हणाले. "पण मग ही पोरं दुसरं काहीतरी शोधतील. मॅडम झोपल्या असतील, मॅडम जेवत असतील, मॅडमना आज सर्दी आहे. ती बाप्पाला नाही घाबरत गं. तुला घाबरतात."

विनयाताईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांनी पेपर परत वर घेतला. पण त्या रात्री आणि सगळा रविवार तेच वाक्य त्यांच्यामागे घरभर फिरत राहिलं. अथर्वशीर्ष म्हणायला बसल्या आणि मध्येच कुठवर आलो ते विसरल्या. आयुष्यात कधी झालं नव्हतं. परत पहिल्यापासून म्हटलं, परत तिथेच अडल्या. शेवटी निरांजनाची वात सारखी केली आणि बाप्पाला एवढंच म्हणाल्या, तू केलं नाहीस त्याचं मी तुला श्रेय दिलं. आता मी केलं ते मला सांगू दे.

सोमवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बैठक झाली. समितीचे अध्यक्ष मुंबईतले जुने डॉक्टर, विनयाताईंना पंचवीस वर्षं ओळखणारे. इकडचं तिकडचं झालं आणि ते म्हणाले, "कामणच्या केसची फाइल वाचली. उमेदवाराने मदत मागायला उशीर केला, हे स्पष्ट आहे. मॅडम, तुमचं मत?"

विनयाताईंनी टेबलाखाली पदराचं टोक मुठीत धरलं आणि बोलायला लागल्या. काहीही वगळलं नाही. आरती सांगितली, जितेश सांगितला, लाल गोल, डोंगराची खिडकी. स्क्रीनवरचे चेहरे आधी गोंधळले, मग एकाने चष्मा काढला. कुणीतरी हसू दाबलं, तेही त्यांना दिसलं.

"पेडणेकर मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "हे सगळं बोलायची गरज होती का? हे नोंदवलं तर तुमच्यावर येणार."

"यायलाच हवं, सर. उशीर तिने केला, ते तीही नाकारत नाही. पण उशीर करायचा असतो हे तिला माझ्या हाताखाली शिकायला मिळालं. शिकवण्याची जबाबदारी माझी आहे ना? मग हे शिकवलं ते कुणी?"

चर्चा झाली, वाद झाला, एक डॉक्टर म्हणाले नियम म्हणजे नियम, दुसऱ्या म्हणाल्या मुलीला एकटीला का धरायचं. शेवटी ठरलं ते असं. ऋतिका तिच्या बॅचबरोबर परीक्षेला बसेल. पण तोवरचे महिने ती विरारला तिथल्या वरिष्ठ डॉ. स्वप्ना यांच्या नजरेखाली काम करेल, विनयाताईंच्या नाही. तिन्ही रुग्णालयांत रोज संध्याकाळी फोनला दोन वरिष्ठ असतील, एक नाही. आणि प्रशिक्षणाचं प्रमुखपद विनयाताईंकडेच ठेवायचं की नाही, ते पुढच्या बैठकीत बघू.

स्क्रीन काळी झाली. विनयाताईंनी ऋतिकाला फोन लावला. "परीक्षेला बसायचंय. विरारला जा उद्यापासून."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि तुमचं काय, मॅडम?"

"माझं बघतील. तू पुस्तक उघड."

"मॅडम… रोशनीच्या घरच्यांना माहीत आहे का?"

घरच्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी डॉक्टरीनबाय पाणी न पिता धावली होती. पाणी का प्यायली नव्हती आणि उशीर का झाला होता, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. समितीला सगळं सांगून झालं होतं, आणि ज्यांची लेक होती त्यांनाच सांगायचं राहिलं होतं.

"मी येऊ का तुमच्याबरोबर?" ऋतिकाने विचारलं.

"नको. तू नंतर जा. आधी मी जाते."

स्वयंपाकघरातून खोबऱ्याचा आणि आमसुलाचा वास येत होता. रमेशरावांनी त्यांच्या परीने बिरडं केलं होतं, तिखट जरा हात सोडून पडलेलं, आणि ताटं घेतली होती. "ये, बस. दोन दिवस तू धड जेवली नाहीस."

विनयाताई ताटाशी आल्या. वाटीतल्या हिरवट दाण्यांकडे बघितलं. भागूबाईंचे वाकलेले खांदे त्यांना हातांत जाणवले, त्या दिवशी दारात धरून उठवले होते तसे.

"हे मी तिला सांगितल्याशिवाय नाही खाऊ शकत," त्या म्हणाल्या.

"ती काय म्हणेल माहीत नाही, विनू. शिव्या घालेल. रोशनीचा नवरा अंगावर येईल. केस करतील."

"करू देत."

"निदान परवा जा. उद्या अंगारकी आहे, तुझा उपवास…"

रमेशराव मध्येच थांबले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी गुपचूप विनयाताईंच्या ताटावर दुसरं ताट झाकलं.

विनयाताईंनी पर्समध्ये फोन टाकला, तो वाजतो आहे ना हे एकदा बघून घेतलं, आणि चपला पायात सरकवल्या. कामणला जायचं होतं, भागूबाईंच्या घरी, त्या संध्याकाळी उशीर का झाला ते सांगायला.